कानाडोळा

गेर्लाख छपरांवर पाट्या बसवायचा.
काळ्या दगडी पाट्या, एकीवर एक, माशाच्या खवल्यांसारख्या.
मास नदीच्या दोन्ही काठांवरचे सात मनोरे
त्याच्या गुडघ्यांना पाठ होते.
मग मूत्रपिंडात जंतू शिरले.
औषधानं जीव राखला
आणि जाताना कानांतून तोल घेऊन गेलं.

आता तो चालतो तेव्हा अख्खं मास्ट्रिख्ट हिंदकळतं.
दुकानाचं नाव वाचायचं तर थांबावं लागतं.
समोरून येणारा ओळखीचा होता
हे तो पुढे निघून गेल्यावर कळतं.
लोक म्हणतात, शिष्ट झाला.
लोक म्हणतात, सकाळपासूनच पितो.
भिंतीला कान असतात म्हणे;
त्याच्यापुरती भिंत हाच कान.
तळहात टेकला की समजतं, वर कुठे आहे.

माझं काम तारांचं.
तीन तारा, केसाएवढ्या,
तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांच्या तोंडाशी.
चौथी शंखात, ऐकण्यासाठी;
कारण शस्त्रक्रियेत त्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं जातं.
हे मी त्याला आधी सांगितलं होतं. दोनदा.
"दुसरा कान बायकोला देईन," म्हणाला.
आता या बाजूनं तिचा आवाज
पत्र्याच्या डब्यातल्या गांधीलमाशीसारखा येतो,
आणि मेख्टेल म्हणते,
"चाळीस वर्षं तसाच होता. तुला आज ऐकू आला."

पहिला आठवडा काहीच केलं नाही.
म्हणजे दिवसभर एकसारखा ठोका दिला, सेकंदाला दोनशे.
निवांत कान गप्प नसतो.
डोकं हललं नाही तरी शीर बोलत राहते:
आहे, आहे, इथेच आहे.
हललं की फक्त बोलण्याचा वेग बदलतो.
आणि मी वीस वर्षं
स्थिर असणं म्हणजे शून्य, असं आलेखावर मांडत आले.
पहिल्या ठोक्याला तो खुर्ची धरून ओरडला,
"खोली डावीकडे सांडतेय!"
अर्ध्या तासानं खोली थांबली.
मेंदू दोनशेला शून्य म्हणायला शिकला होता.

मंगळवारी दुसऱ्या तारेतून वीज
चेहऱ्याच्या शिरेत पाझरली.
मान वळली रे वळली की त्याचा डावा डोळा
मला मिचकावायचा.
"मी बघतेय हं," मेख्टेल कोपऱ्यातून.
वीज उतरवली. वहीत लिहिलं: गळती.
हसलो, ते लिहिलं नाही.

कानाडोळा म्हणजे दुर्लक्ष.
ज्यानं हा शब्द जोडला त्याला ठाऊक नसावं
की कान आणि डोळा यांच्यामध्ये
जेमतेम तीन पेशींची वाट आहे;
मान डावीकडे वळली की कान डोळ्याला म्हणतो, तू उजवीकडे हो,
आणि एवढ्याशा निरोपावर
समोरचा चेहरा आपल्या जागी राहतो.

गुरुवारी, संगणक पाठीला बांधून,
तो लांबच लांब मार्गिकेतून चालत आला.
दुसऱ्या टोकाला मी, हातात अक्षरांचा तक्ता.
तक्त्याकडे त्यानं साफ कानाडोळा केला.
"तुझ्या भुवईवर," न थांबता तो म्हणाला,
"पांढरी खूण आहे. पडली होतीस?"
सायकलवरून, सातवीत.
इथे कुणी कधी विचारलं नव्हतं.

परवानगी प्रयोगशाळेपुरती. पाचपर्यंत.
पाच वाजता मलाच बंद करावं लागतं,
एकदम नाही, दोनशे, एकशेऐंशी, एकशेसाठ,
खोली उजवीकडे सांडते, सांडते, थांबते.
"घरी कधी नेता येईल?" कोट चढवताना तो रोज विचारतो,
आणि मी रोज कागदपत्रांविषयी काहीतरी बोलते.

सव्वापाचला ते दोघं पुलावर दिसतात.
तिच्या दंडाला धरून तो मध्येच उभा राहतो,
उभं असताना दिसतं ना त्याला,
वर मान करून मनोऱ्याकडे बघतो.
एखादी पाटी निसटलेली असणार.

मी दिवे मालवते.
अंधारात दारापर्यंत नऊ पावलं.
हल्ली मोजते.